दाराच्या रबराला खोबरेल लावलं आणि पस्तावले. गाडीच्या रबरासाठी नक्की काय वापरावं?

परीक्षानळी, चिपळूण

नमस्कार मंडळी. प्रश्न किरकोळ वाटेल, पण दोन-तीन वर्षं डोक्याला ताप झालाय म्हणून सविस्तर लिहितेय.

गाडी २०११ची वॅगनआर, सेकंडहँड घेतलेली. आमच्याकडे गॅरेज नाही, अंगणात फणसाखाली उभी असते. आठ महिने ऊन खाते आणि चार महिने पाऊस, आणि चिपळूणचा पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको. मागच्या डाव्या दाराचं बीडिंग, म्हणजे कडेची रबराची पट्टी, कोरडं पडून करकर वाजायला लागलं होतं. आमच्या घरात केसांपासून विळीच्या बिजागरीपर्यंत सगळ्याला खोबरेल लागतं, तेव्हा बीडिंगलाही लावलं. चारही दारं, डिकी, कुठे म्हणून सोडलं नाही. करकर त्याच दिवशी थांबली. मी खूश. मग दर महिन्याला लावत गेले.

पुढे तीन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे मुंग्या. फणसावरून उतरून थेट दाराच्या फटीत रांग. दुसरी, डिसेंबरात भाचीच्या लग्नाला पुण्याला गेलो. गाडी रात्रभर बाहेर होती. सकाळी दार उघडलं तर कडेने पांढरी रेघ, मेणबत्तीचं मेण ओघळावं तशी. खोबरेल गोठलं होतं. भावजी सगळ्यांसमोर म्हणाले, "दाराला नारळाची बर्फी थापली आहेस का गं?" तिसरी गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. बीडिंग हळूहळू मऊ, चिकट झालं आणि फुगलं. खालच्या कोपऱ्यात पत्र्यावरून सुटून बाहेर लोंबतं. दाबून बसवलं की दोन दिवसांनी परत तसंच. या जुलैत त्या बाजूची मॅट ओली आणि आत कुबट वास.

आता दुसरं प्रकरण. दर मे महिन्यात वॉशिंगवाला विचारतो, "मॅडम, खालून ऑइल मारून देऊ? पावसाळ्यात गंज लागणार नाही." डिझेलमध्ये जळकं ऑइल मिसळून गनने मारतात, दोन दिवस गाडीला ट्रकचा वास येतो. मी दर वर्षी हो म्हणत आले. तीन वर्षांत लोअर आर्मचे बुश (चाक धरणाऱ्या दांड्याच्या सांध्यातले रबरी तुकडे) दोनदा बदलले. मेकॅनिकने जुना बुश हातावर ठेवला आणि म्हणाला, "चहात बुडवलेली खारी बघा." खरंच, नखाने रबराचा लपका निघाला.

दुकानात विचारलं तर समोर सहा बाटल्या मांडल्या. टायर पॉलिश, डॅशबोर्ड पॉलिश, सिलिकॉन स्प्रे, आणखी काय काय. सगळ्यांवर "सुरक्षित" लिहिलेलं, आत काय आहे ते एकावरही नाही. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. रसायन थोडंफार कळतं, गाडीतलं ओ की ठो कळत नाही. बीडिंग, टायर, बुश, वायपर यांना वेगवेगळं काही लागतं का? चमक नको मला. रबर टिकलं पाहिजे आणि जे लावीन त्याने नवीन दुखणं येऊ नये, एवढंच. जाणकारांनी सांगावं. आगाऊ धन्यवाद.

---

घाटवळण, पुणे

बाकीचं जाणकार सांगतील, मी फक्त टायरचं सांगतो कारण त्याची खूण गुडघ्यावर आहे. बाइक धुवायला दिली होती. पोराने हौसेने दोन्ही टायर काळेकुळकुळीत करून दिले, अगदी जमिनीला टेकतो त्या भागापर्यंत. मी पाहिलं, बरं वाटलं, दहा रुपये जास्त दिले. सिंहगडाच्या पायथ्याच्या आधीच्या डाव्या वळणावर गाडी कलली आणि मागचं चाक साबणावर पाय पडावा तसं गेलं.

दुचाकीच्या टायरला काहीही लावायचं नाही. बाजूलासुद्धा नाही, कारण वळताना दुचाकी बाजूवरच येते. फूटरेस्ट, ब्रेकचं पेडल, हँडलच्या मुठी यांनाही नाही. चारचाकीच्या पेडलच्या रबरावर तो डॅशबोर्डचा स्प्रे मारणारे लोक मी पाहिलेत. हात जोडतो त्यांना.

---

सुमो९८, कुडाळ

ताई, रागावू नका, पण डिझेल-ऑइलला उगाच बदनाम करू नका. माझी सुमो १९९८ची आहे. दर पावसाळ्याआधी खालून ऑइल, न चुकता. आजही पत्रा टणटणीत आहे. माझ्याबरोबर घेतलेल्या एका गाडीची चेसी क्रॉस मेंबरपाशी इतकी सडली की शेवटी भंगारात गेली. बुश काय, रबर आहे, जाणारच. बुश बदलता येतो, चेसी बदलता येते का? स्प्रिंगच्या पाट्यांना तर तेल पाहिजेच, नाहीतर कुईकुई करतात.

खोबरेलाचं मात्र हसू आलं. व्हॅसलीन लावा, मी तेच लावतो.

---

टूरोल, नाशिक

ताई, रबराच्या कारखान्यात २७ वर्षं काढली, त्यातली बरीचशी कंपाउंडिंगमध्ये. म्हणजे कुठल्या मालात काय किती घालायचं ते ठरवायचं काम. आता निवृत्त आहे, म्हणून लांबण लावतो, सांभाळून घ्या.

मुळात "रबर" अशी एक वस्तू नसतेच. तुमच्या वॅगनआरमध्ये निदान तीन-चार जाती आहेत आणि त्यांचं एकमेकींशी पटत नाही. दाराचं बीडिंग आणि रेडिएटरचे होज (रबरी नळ्या) ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे. ऊन, पाऊस, ओझोन, गरम पाणी, कशालाच ते दाद देत नाही. पण डिझेल, रॉकेल, ग्रीस, इंजिन ऑइल, व्हॅसलीन दिसलं की पितं. नुसतं भिजत नाही, पितं आणि फुगतं. त्याची साखळी हायड्रोकार्बनची, डिझेलही हायड्रोकार्बन. एका घराण्यातले असल्यामुळे आत घ्यायला वेळ लागत नाही. तुम्हाला हे मी सांगायला नको.

खालचे बुश आणि इंजिनची माउंटिंग बहुतेक नैसर्गिक रबराची असतात, म्हणजे दोडामार्गाकडे हल्ली ज्या झाडांच्या बागा दिसतात त्याच झाडाचा चीक. दणके सोसण्यात त्याचा हात कोणी धरत नाही, पण तेलाच्या बाबतीत ते ईपीडीएमइतकंच अधाशी. ऑइल सील नायट्राइल या दुसऱ्या कृत्रिम रबराचे. ते तेलात वर्षानुवर्षं सुखाने राहतात, मात्र उन्हात आणि ओझोनमध्ये टिकत नाहीत. आणि ब्रेकमधले कप, म्हणजे वाटीसारखे रबरी सील, ईपीडीएमचे किंवा एसबीआर या आणखी एका कृत्रिम रबराचे, कारण ब्रेक फ्लुइड ग्लायकॉलचं असतं, ते त्यांना चालतं. नायट्राइलचा सील ब्रेक फ्लुइडमध्ये टाका, तो बिघडेल. ब्रेकचा कप इंजिन ऑइलमध्ये टाका, तो बिघडेल. तेव्हा "सगळ्या रबराला चालेल" असं बाटलीवर लिहिलेलं दिसलं की मी ती बाटली खाली ठेवतो.

ब्रेकवरून आठवलं, हे जरा सविस्तर सांगतो. आमच्या ओळखीच्या एका जीप चालवणाऱ्याने घाटात ब्रेक फ्लुइड कमी झालं म्हणून हाताशी होतं ते पॉवर स्टीअरिंगचं लाल तेल त्या टाकीत ओतलं. पाव वाटीसुद्धा नसेल. ब्रेक लागले, गाडी घरी आली. तिसऱ्या दिवशी गाडी जड चालायला लागली, चाकं तापून वास यायला लागला. ब्रेक लागत होते, सुटत नव्हते. मास्टर सिलिंडर उघडला तर आतला कप इतका फुगलेला की फ्लुइड परत टाकीत जायचं बारीक भोक त्याने झाकून टाकलं होतं. मास्टर सिलिंडर, चारही चाकं, होज, सगळं रबर बदलावं लागलं आणि नळ्या धुवाव्या लागल्या. वरचं झाकण उचललं तर त्याखालचं रबरसुद्धा फुगून नागमोडी झालेलं. ते झाकण मी बरीच वर्षं टेबलावर ठेवलं होतं, नवीन पोरांना दाखवायला. म्हणून ब्रेकला घरचं काही नाही. तिथे रबराला लागतं ते एरंडेलापासून बनवलेलं लाल रबर ग्रीस, किंवा कॅलिपरच्या पिनांसाठी असलेलं सिलिकॉन ग्रीस, आणि तेही मेकॅनिक काम उघडतो तेव्हाच.

आता तुमचं खोबरेल. वनस्पती तेलं डिझेलइतकी वाईट नाहीत. पण तुम्ही ती दर महिन्याला लावलीत, आणि दाराचं बीडिंग स्पंजासारखं असतं, वर नुसती पातळ कातडी. कुठे चीर पडली की तेल आत शिरतं ते बाहेर येत नाही. वर ते खवट होऊन चिकट होतं, त्यावर धूळ बसते आणि दार लावताना तीच धूळ पॉलिश पेपरचं काम करते. फुगलेलं बीडिंग आता बदलाच, पूर्वीसारखं होणार नाही.

नवीन बसवल्यावर काय करायचं? पाण्यात गाडीचा शॅम्पू दोन थेंब, मऊ फडकं, आणि पुसून कोरडं करायचं. निम्मं आयुष्य एवढ्यानेच वाढतं. हे बाटलीत भरून विकता येत नाही म्हणून कोणी सांगत नाही. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, शुद्ध सिलिकॉन ग्रीसचा वाटाण्याएवढा ठिपका बोटावर घेऊन पूर्ण दाराला. बोटाला लागलं पाहिजे, डोळ्याला दिसता कामा नये. तेही नको असेल तर औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन निम्म्या पाण्यात. ते या रबरात शिरत नाही. पाण्याने धुऊन जातं, त्यामुळे परत परत लावावं लागतं, एवढाच त्याचा दोष.

सिलिकॉनचा स्प्रे घेतलात तर तो दारावर मारू नका, फडक्यावर मारा. त्यात सिलिकॉन थोडं आणि उडून जाणारं द्रावण पुष्कळ. बंद गॅरेजात, देवघराच्या दिव्याजवळ तर अजिबात नको. एक अपवाद लक्षात ठेवा: रबरच सिलिकॉनचं असेल, म्हणजे हल्ली काही जण रंगीत होज बसवतात तसलं, तर त्याला सिलिकॉन ग्रीस लावू नये. तिथेही घराणं एकच होतं.

टायरबद्दल वर घाटवळण यांनी सांगितलं तेच. भर एवढीच की टायरच्या बाजूला तपकिरी छटा येते ती घाण नसते. ओझोनपासून वाचवायला आम्ही कंपाउंडमध्ये ६पीपीडी नावाचं रसायन आणि मेण घालतो. टायर चालताना दबतो-सुटतो तसं ते हळूहळू वर येतं आणि स्वतः खर्ची पडून रबर वाचवतं. लोक तारेच्या ब्रशने ते घासून काढतात आणि वर पॉलिश फासतात. ब्रश लावायचाच तर मऊ लावा. (हेच ६पीपीडी ओझोनशी संयोग पावून जे बनतं त्याने अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचे कोहो सामन मासे मरतात, असं २०२० साली उघड झालं. आम्ही आयुष्यभर ते पोत्याने ओतलं. असो.) चमक हवीच असेल तर दुधासारखं दिसणारं, पाण्याचा आधार असलेलं पॉलिश घ्यायचं. पारदर्शक, तेलकट, रॉकेलसारखा वास येणारं नको. आणि टायरवरचे चार आकडे वाचा. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२वा आठवडा. टायर म्हातारा असेल तर पॉलिशने तरुण होत नाही.

वायपरला ओलं फडकं, बस. बेल्ट आवाज करत असेल तर त्याला साबण, मेण, स्प्रे काही लावू नका, ताण आणि पुली तपासून घ्या.

सुमोवाल्या भाऊंचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. कोकणात गंज हा खरा शत्रू आहे आणि पत्र्याला तेल चांगलंच. पाट्यांनाही चांगलं. पण पाट्याच्या दोन्ही टोकांना डोळ्यात, म्हणजे गोल कड्यात, जो बुश असतो तो रबराचा. गनने मारताना पाटा आणि बुश असा भेद होत नाही. आणि ते जळकं ऑइल पहिल्या पावसात रस्त्यावर, तिथून पऱ्ह्यात जातं हेही आहेच. पत्र्यासाठी मेणाच्या किंवा डांबराच्या आधाराचं अंडरकोटिंग एकदा नीट करून घ्यावं, बुश आणि बूट (सांध्यांवरची रबरी टोपणं) कागदाने झाकून. व्हॅसलीन मात्र भाऊ, बॅटरीच्या टर्मिनलला लावा. दाराला नको.

ताई, तुमच्याकडे प्रयोगशाळा आहे तर माझ्या शब्दावर विसंबू नका. जुन्या बीडिंगच्या पत्र्यात बसणाऱ्या घट्ट भागाचे सारखे तुकडे कापा, व्हर्नियरने मोजा, वेगवेगळ्या बाटल्यांत आठ दिवस बुडवून ठेवा आणि परत मोजा. आमच्याकडे हेच तापवलेल्या तेलात ७० तास करायचे. घरगुती कामाला तेवढं नको. फक्त एक करा: तेलकट तुकडे बाहेर काढल्यावर फेकू नका, पंधरा दिवस वाळू द्या आणि मग पुन्हा मोजा. का ते तेव्हा कळेल.

---

डेंटिंगपेंटिंग, सांगली

टूरोल काकांचं सगळं पटलं, माझी एक विनवणी. सिलिकॉन स्प्रे पत्र्यावर उडू देऊ नका. पुढे कधी दाराला रंग मारायची वेळ आली की त्या जागी रंग धरत नाही, मोहरीएवढे खड्डे पडतात. घासून, धुऊन, परत मारलं तरी परत पडतात. गिऱ्हाईक आमच्यावर ओरडतं.

आणि ताई, आत पाणी येतंय म्हणजे बीडिंगच गेलं असं धरून चालू नका. वॅगनआरच्या दाराच्या तळाला बारीक भोकं असतात, काचेवरून आत उतरलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. झाडाखाली उभ्या गाडीची ती भोकं पाल्याने हमखास बुजतात. पाणी दारात साठतं आणि आतल्या पॅडच्या मागून गाडीत उतरतं. दार हलवून बघा, डुचमळल्याचा आवाज येतो का. बीडिंग तपासायचं तर वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज सुटून आली तर तिथे दाब नाही. पूर्ण कडेने असं करत जा.

---

नेकारकाठ, स्टुटगार्ट

इकडची गंमत. हिवाळ्यात रात्री दाराचं रबर पत्र्याला गोठून चिकटतं आणि सकाळी घाईत ओढलं की फाटतं. म्हणून नोव्हेंबरात सगळे रबराला कांडी फिरवतात, लिपस्टिकसारखी. जुन्या लोकांची कांडी हरणाच्या चरबीची, हिर्शटाल्ग म्हणतात तिला. मी ग्लिसरीनवालं रबर केअर वापरतो, कारण आईला चरबीचं कळलं तर ती गाडीत बसणार नाही. दर दोन वर्षांनी इथे गाडीची सक्तीची तपासणी असते. खालचा बुश चिरलेला दिसला की गाडी नापास होऊ शकते. तेव्हा खालून डिझेल मारतात हे वाचून अंगावर काटा आला. लहानपणी कऱ्हाडला बाबा पण मारून घ्यायचे, मी शेजारी उभा राहून तो वास आवडीने घ्यायचो.

---

परीक्षानळी, चिपळूण (२६ दिवसांनी)

सगळ्यांचे आभार. उशीर झाला कारण काकांनी पंधरा दिवस वाळवायला सांगितलं होतं, आणि मध्ये प्रात्यक्षिक परीक्षा आल्या.

आधी पाण्याचं. सांगलीकर दादा, दार हलवलं आणि अक्षरशः हंडा हलवल्यासारखा आवाज आला. खालच्या तीन भोकांपैकी दोन बंद. झाडूच्या हिराने टोकरलं तर काळपट पाणी भसाभसा आलं, तांब्याभर तरी असेल, त्यात कुजलेली पानं आणि, काय सांगू, फणसाची आठळी. ती आत गेली कशी हे कोडं अजून सुटलेलं नाही. कागदाची पट्टीही करून पाहिली. खालचा मागचा कोपरा सोडला तर सगळीकडे कागद घट्ट धरतो, त्या कोपऱ्यात मात्र लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला. म्हणजे दोष दोघांचा होता, बीडिंगचा आणि माझ्या फणसाचा.

आता प्रयोग. जुन्या बीडिंगचा घट्ट भाग ब्लेडने कापून प्रत्येकी २० मिलिमीटर लांबीचे पाच तुकडे केले. एक नुसत्या पाण्यात, एक ग्लिसरीनमध्ये, एक खोबरेलात, एक डिझेलमध्ये. पाचवा सिलिकॉन ग्रीस चोपडून घड्याळकाचेत ठेवला. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या, तरी शिपाईमामा रोज विचारायचे, "मॅडम, ह्या लोणच्याचं काय?"

आठ दिवसांनी पाणी, ग्लिसरीन आणि सिलिकॉन ग्रीसवाले तुकडे २०चे २०, फरक असलाच तर माझ्या व्हर्नियरला दिसला नाही. खोबरेलातला २०.८. डिझेलमधला २५ आणि वर थोडं. मापापेक्षा स्पर्श सांगतो: चिमटीत धरला तर पाव भिजल्यासारखा, आणि कडेचा कोपरा बोटाने चोळला तर काळं बोटाला आलं. बाटलीतलं डिझेल पिवळसर होतं ते चहासारखं झालं होतं.

मग डिझेलचा आणि खोबरेलाचा तुकडा टिपकागदावर खिडकीत ठेवला, पंधरा दिवस. खोबरेलाचा फारसा बदलला नाही, चिकट तो चिकटच. डिझेलचा तुकडा रोज आक्रसत गेला. मला वाटलं २०वर येऊन थांबेल. थांबला नाही. आज मोजला, १९.३. आणि कडक. वाकवला तर बाहेरच्या बाजूने बारीक चिरा उघडतात. काका, तुम्ही "का ते तेव्हा कळेल" म्हणालात, मला अंदाज आलाय, पण तुमच्याकडूनच ऐकायचं आहे.

---

टूरोल, नाशिक

वा! हातात छडी नसलेल्या बाईंनी इतका नेटका प्रयोग केलेला पाहून बरं वाटलं.

रबर घडवताना आम्ही त्यात मऊपणासाठी तेल घालतो. बीडिंगच्या कंपाउंडमध्ये तर बरंच. डिझेल आत शिरलं तेव्हा ते आमचं तेल त्यात विरघळलं, म्हणून तुमच्या बाटलीत चहा झाला. नंतर डिझेल उडून गेलं आणि जाताना आमचं तेल बाटलीतच राहिलं. उरला तो तेल गेलेला सांगाडा, लहान आणि ताठ. गाडीखाली हेच होतं. मे महिन्यात बुश फुगतो, ऑक्टोबरात आक्रसतो, पुढच्या मेमध्ये परत फुगतो. खारी आपोआप तयार.

म्हणूनच "डिझेलने पुसलं की रबर नव्यासारखं काळं दिसतं" हे खरं असतं, पहिल्या दिवशी.

खोबरेलाचा तुकडा वाळला नाही कारण खोबरेल उडून जात नाही. ती चिकट आठवण कायमची.

---

सुमो९८, कुडाळ

काका, वाचलं. पत्र्याला तेल मी सोडणार नाही, आधीच सांगतो. पण काल मागच्या पाट्याचे बुश वाकून बघितले आणि गप्प बसलो. या वेळी पोराला सांगितलंय, गन नको, ब्रश घे, आणि बुशावर प्लास्टिकची पिशवी बांध. त्याने विचारलं, "बाबा, बुशाला रेनकोट?" म्हटलं हो.

व्हॅसलीनचा डबा बॅटरीजवळ हलवला आहे.

---

परीक्षानळी, चिपळूण

नवीन बीडिंग बसवलं. जुन्या दाराची कड शॅम्पूच्या पाण्याने तीनदा पुसली, तरी खोबरेलाचा वास पूर्ण गेला नाही. कोपऱ्यात कागद आता घट्ट बसतो. वॉशिंगवाल्याला या वेळी सांगितलं, खालून फक्त पाणी. तो हिरमुसला आणि म्हणाला, "मग टायर तरी चमकवतो मॅडम." त्याला पण बाजूला घेऊन सिंहगडाची गोष्ट सांगितली.

कुडाळच्या दादा, तुमचा एखादा जुना बुश काढलात तर फेकू नका, माझ्याकडे पाठवता का? नैसर्गिक रबराचा तुकडा मला हवा आहे. बाटल्या अजून धुतलेल्या नाहीत.

---

सुमो९८, कुडाळ

दोन पाठवतो. एक डिझेल खाल्लेला, एक नवा कोरा, बरोबर काजू. काजू बाटलीत घालू नका.